चाखून झाल्यावर

"तुमची ढबू खात नाही हो. भरवते," पाळणाघराच्या ताई म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसल्या म्हणून ढबूच्या बाबालाही हसावं लागलं. दारात आयाबापांची ही गर्दी. कुणाचा बूट सापडत नव्हता, कुणाचं मूल घरी जायचं नाही म्हणून फरशीवर आडवं झालं होतं, आणि त्या गोंधळात ताई त्याला सांगत होत्या की नाश्त्याची ताटली पुढे ठेवली की ढबू तांदळाच्या पिठाचा एक फुगा उचलते, तो स्वतःच्या तोंडात घालत नाही, उठते, डुलत डुलत शेजारच्या मुलाकडे जाते आणि त्याच्या तोंडाला लावते. त्याने खाल्ला की त्याच्याकडे टकामका बघत उभी राहते. काही तरी व्हायची वाट बघते म्हणा ना. ते काही होत नाही. मग दुसरा फुगा, दुसरं मूल. शेवटी ताईंकडे. "आठवडाभर मीच खातेय तिचे फुगे. चांगले लागतात, मी म्हणते पण तिला, गोड आहे गं, खा. पण छे! माझंच वजन वाढायचं अशाने." पुन्हा हसल्या. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "बाबा, एक तारखेला ती मोठ्यांच्या खोलीत जाणार. तिथे आपलं आपण खावं लागतं. मी एकटी कुणाकुणाला भरवू? सोमवारपर्यंत बघा काय जमतंय ते. नाहीच जमलं तर नाश्ता घरी उरकून दहाला आणा." दहाला, हे त्या अगदी सहज म्हणाल्या. दहाला आणायचं म्हणजे दोघांपैकी एकाने नोकरी सोडायची. त्याचं काम साडेआठला सुरू व्हायचं, बायकोचं आठला. गेले दोन महिने हा विषय घरात कधीही निघेल असा दबा धरून बसला होता, आणि सोडावी लागली तर ती आपल्यालाच लागणार असं दोघांनाही मनातून वाटत असल्यामुळे दोघंही त्यावर अवाक्षर काढत नव्हते. त्याने ढबूला उचलली. तिचा एक मोजा नव्हता. शोधायचा त्याला धीर नव्हता.

ढबू हे नाव ती जन्मली तेव्हाचं. तेव्हा गुटगुटीत होती, मनगटाला वळ्या पडायच्या. आता दीड वर्षाची होत आली होती आणि बघणाऱ्याला वाटावं की या बारक्या पोरीला चेष्टेनं ढबू म्हणतात. डॉक्टर म्हणत, वजन ठीक आहे, उगाच धसका घेऊ नका. डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला, असं त्याला दर वेळी वाटायचं. तो तिला घेऊन तडक सुपरमार्केटमध्ये शिरला, ट्रॉलीच्या पुढच्या बैठकीत तिला बसवली, पट्टा आवळला आणि बाळांच्या खाण्याच्या ओळीत येऊन उभा राहिला. ताई म्हणाल्या होत्या, तिला आवडेल असं काही तरी घरून द्या. सीरिअल द्या, बोटाने उचलून खाता येईल असं काही द्या. आवडेल असं! त्या ओळीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती आवडेल अशीच खोकी होती. प्रत्येक खोक्यावर एक बाळ दोन दात दाखवून हसत होतं. ओट्सचा चुरा, मक्याच्या कड्या, गव्हाचे पातळ पापुद्रे, वाळवलेल्या स्ट्रॉबेरीचे तुकडे, चीजचे दाणे, गाजराच्या काड्या, आणि तांदळाच्या पिठाचे ते फुगे, करंगळीच्या पेराएवढे, आतून पोकळ. सहा महिन्यांपासून. आठ महिन्यांपासून. पहिल्या पावलांसाठी. इवल्या बोटांसाठी. साखर नाही, असं पुढच्या बाजूला ठळक, आणि मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात सफरचंदाचा आटवलेला रस. त्याने एक खोकं उचललं, ठेवलं. दुसरं उचललं, ठेवलं. लोक मागून ट्रॉल्या ढकलत जात होते, कुणी न बघता एखादं खोकं टाकून पुढे जात होतं, आणि त्यांचा त्याला मनस्वी हेवा वाटत होता. यातली अर्धी खोकी त्याच्या जिभेवरून गेलेली होती. ज्या माणसाला यातलं सगळं ठाऊक आहे त्याला यातलं एक उचलता येऊ नये म्हणजे काय! एवढा चडफडाट व्हायला झालं तरी काय आहे, असं त्याने स्वतःला विचारून बघितलं. चडफडाट तेवढा वाढला.

त्याची नोकरी जिभेची होती. हे सांगितलं की लोक म्हणत, मजा आहे बुवा, खायचे पैसे मिळतात. त्यांना त्या खोलीत एकदा बसवायला हवं. बाळांचं खाणं बनवणारी कंपनी, तिच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, तिच्यात फळ्या मारून केलेले अरुंद कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक स्टूल, एक पेला कोमट पाणी आणि डोक्यावर लाल दिवा. दिवा लाल अशासाठी की खाण्याचा रंग कळू नये, रंगाला भुलून जीभ खोटं बोलू नये. समोर हातभर खिडकी. खिडकीतून ताटली सरकत येते, ताटलीत एक तुकडा. तो जिभेवर घ्यायचा आणि टाळूला दाबून धरायचा. चावायचं नाही. बाळाला दात नसतात, म्हणून चाखणाऱ्यालाही नसायचे. "दात घरी ठेवून यायचं," असं तात्या त्याला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. तात्या म्हणजे तिथले सगळ्यात जुने, खिडकीच्या पलीकडे घड्याळ धरून बसणारे. तुकडा पूर्ण विरघळला, जिभेखाली, गालात, घशापाशी कुठेही कण उरला नाही, की मान हलवायची. तोंडात घास असताना बोलायचं नाही, म्हणून ही मानेची खूण. वरखाली हलवली की पास. आडवी हलवली की कुठे तरी गाठ उरली, नापास. तात्या घड्याळ बंद करायचे. पुढची ताटली. सकाळभर हेच, कारण सकाळी जीभ स्वच्छ असते म्हणे. दुपारपर्यंत टाळू हुळहुळी होऊन जायची. घरी आल्यावर जेवताना तो भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन नुसता बसून राहायचा, डोळे अर्धे मिटून, आणि बायको म्हणायची, "अरे, जेवतोयस की पेपर तपासतोयस?" सुरुवातीला दोघं हसायचे. मग ती एकटी हसायची. मग तिनं विचारणं सोडून दिलं. त्याला स्वतःला या कामाचा कंटाळा यायचा, पण खरं सांगायचं तर अभिमानही होता. आपण मान हलवली म्हणून कुठल्या तरी घरात एक आई निवांतपणे पाठ वळवून भांडी घासत असेल, असा विचार त्याच्या मनात कधी कधी यायचा, आणि तो त्याने कुणालाही सांगितला नव्हता.

ढबूने खोक्याकडे हात केला. त्याने खोकं तिच्या हातात दिलं, तिने ते खाली टाकलं. तो वाकला, उचललं, दिलं, तिने टाकलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बास हं!" आणि आवाज इतका चढला की ओळीच्या टोकाला उभ्या असलेल्या बाईने वळून बघितलं. त्याला लाज वाटली. दिवसभर पोरगी उपाशी. उपाशी म्हणजे अगदी उपाशी नव्हे, दूध पिते, तो भरवतो तेवढं खाते. पण तो भरवतो तेव्हाच. बायकोच्या हातून सुद्धा धड नाही. यावरून तिचं आणि त्याचं दोनतीनदा वाजलं होतं. "माझ्या हाताला काय काटे आहेत?" असं ती म्हणाली होती, आणि त्या वेळी त्याला, कबूल करायला नको पण, आतून थोडं बरं वाटलं होतं.

हे सगळं त्या नाशपातीपासून सुरू झालं. ढबू तेव्हा आठ महिन्यांची होती. रविवार होता, खिडकीतून ऊन आत आलं होतं, बायको नाशपाती कापत होती, आणि तिने एक मऊ फोड ढबूच्या हातात दिली. मऊच होती. ढबूने पुढच्या एका दाताने कुरतडली, आणि मग एकदम थांबली. डोळे मोठे झाले, तोंड उघडलं, आवाज नाही. चेहरा लाल, मग आणखी लाल. बायकोने तिला उचलून हातावर पालथी घेतली, पण पाठीवर थाप मारायच्या आतच ढबूला उमासा आला, ती खोकली, फोड बाहेर पडली आणि तिने भोकाड पसरलं. झालं. एवढंच झालं होतं. पुढच्या मिनिटाला ती तीच फोड मागत होती. डॉक्टरांनी नंतर शांतपणे समजावलं, "अहो, ती गुदमरली नव्हतीच. उमासा आला. बाळाची ती राखणदारी असते, घास पुढे सरकला की जीभ तो बाहेर ढकलते. खोकता येतंय तोवर तुम्ही हात लावायचा नाही. तिचं काम तिला करू द्या." बायकोला ते पटलं. अंगावरचं पाणी झटकावं तसं तिने ते तिथेच सोडून दिलं. त्याला पटलं नाही असंही नाही, डोक्याला पटलं. पण तो आवाज नसलेला क्षण त्याच्या अंगातून जायला तयार नव्हता. लाल दिव्याखाली बसून जो सकाळभर कण न् कण शोधतो त्याच्या स्वतःच्या घरात, भर उन्हात, त्याच्या नाकासमोर! कप्प्यात बसलेला असताना मध्येच त्याला ते उघडं तोंड दिसायचं आणि तो जिभेवरचा तुकडा जास्तच वेळ दाबून धरायचा. तात्यांच्या लक्षात आलं. "काय रे, हल्ली तुझी मान जड झालीय," ते म्हणाले होते. "बाकीचे पास करतात ते तू नापास करतोस. पोरं दगड पचवतात, बाबा." पोरं दगड पचवतात म्हणे! तात्यांची पोरं आता चाळिशीला आली होती, त्यांना काय आठवणार.

तेव्हापासून त्याने भरवायचं काम स्वतःकडे घेतलं होतं. बोलून नाही, हळूहळू. सकाळी तो आधी उठायचा, ओट्स भिजवायचा, गाळणीतून काढायचा. पुढे डॉक्टर ओरडले, आता घट्ट द्या, तुकडे द्या, नाहीतर चावायला शिकणार नाही, तेव्हा तो तुकडे देऊ लागला. पण पाकिटातला कुठला तुकडा कसा निघेल याचा भरवसा काय? कारखान्यात भट्टी कमीजास्त होते, हवा दमट असते, शंभर फुगे हलके निघतात आणि एखादा चिवट राहतो. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक!

त्याने हातातलं खोकं फोडलं. फोडायचं असं ठरवून नाही फोडलं. कोणती कंपनी, कोणतं पीठ, आधी कळायला तर हवं. आतली पिशवी दाताने फाडली, एक फुगा काढला, जिभेवर ठेवला आणि टाळूला दाबून उभा राहिला. डोळे अर्धे मिटले. आजूबाजूचा गलका जरा लांब गेला. आधी वरचं साल मऊ पडलं, मग आतली पोकळी बसली, मग पिठूळ चव पसरली, कडेला एक बारीकसा कण राहिला होता तोही गेला. चांगला आहे. आमच्यापेक्षा चांगला आहे, हरामखोर. त्याने मान हलवली.

"चांगले आहेत का हो?" कुणी तरी विचारलं. मघाची ती टोकाला उभी असलेली बाई जवळ येऊन उभी होती, पांढरे केस, हातात चष्मा. "तुम्ही मान डोलावलीत म्हणून विचारलं. नातू यायचाय. मला मेलीला या खोक्यांतलं काही कळत नाही. तुम्ही बघा कसं, चाखून घेताय. असं घ्यावं." आणि त्याने काही बोलायच्या आत तिने तशीच दोन खोकी आपल्या ट्रॉलीत टाकली आणि समाधानाने निघून गेली. त्याच्या नुसत्या मानेवर. आणि तेव्हा त्याचं लक्ष ढबूकडे गेलं. ढबूने आ केला होता. दिवसभर ओठ घट्ट मिटून बसलेली, ताईंच्या ताटलीला न शिवलेली ढबू ट्रॉलीत पाय हलवत, मान वर करून, त्याच्याकडे बघत, मोठ्ठा आ करून बसली होती. त्याने फुगा तिच्या जिभेवर ठेवला. तिने खाल्ला. त्याने दुसरा तिच्या हातात दिला. तिने तो खाल्ला नाही. पुढे वाकली, हात लांब केला आणि फुगा त्याच्या ओठांना लावला. सवयीनं त्याने घेतला, दाबला, विरघळवला, मान हलवली. तिने लगेच आ केला.

ट्रॉलीच्या दांड्याला धरून तो उभा राहिला. आता त्याला सगळं दिसायला लागलं, आणि ते इतकं उघड होतं की इतके दिवस दिसलं कसं नाही याचाच संताप आला. रोज सकाळी, तिच्या समोर बसून, प्रत्येक पाकिटातला, प्रत्येक वाटीतला, काही वेळा प्रत्येकच तुकडा आधी त्याच्या तोंडात. मग थांबणं. मग मान. मग तिचा आ. तिच्या लेखी खाणं म्हणजे हेच होतं. आधी दुसऱ्याने खायचं, मग त्याची मान हलायची, आणि मगच आपण तोंड उघडायचं. पाळणाघरात ती कुणाला भरवत नव्हतीच मुळी. ती विचारत होती. एकेका मुलाच्या तोंडात फुगा घालून विचारत होती, खाऊ का? आणि ती बिचारी पोरं फुगा मटकावून आपल्या खेळाला लागत होती, कुणाची मान हलत नव्हती. ताई गोड आहे म्हणत होत्या, पण मान हलवत नव्हत्या. आठवडाभर ती सगळ्यांना विचारून विचारून उपाशी राहिली होती. त्याचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्याला कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटली, पण कुणाच्या? फोडलेलं खोकं घेऊन तो गल्ल्याशी गेला. गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "उघडलेलं आहे, बदलून आणता का?" तो म्हणाला, "मीच उघडलंय," आणि तिने असं बघितलं की जणू त्यानेच सगळी खोकी फोडली.

घरी बायको बूट काढून सोफ्यावर पाय वर करून बसली होती. ती फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम करायची. दिवसभर परक्यांचं ऐकून कान किटलेले असत, म्हणून संध्याकाळी पहिला अर्धा तास तिच्याशी कुणी बोलायचं नाही असा घरचा नियम होता. त्याने तो मोडला. पिशव्या तशाच हातात धरून त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, ताईंचं, म्हातारीचं, आ केलेल्या तोंडाचं. ती आधी ऐकत होती, मग तिने पाय खाली घेतले.

"म्हणजे तू पोरीला तुमच्या कप्प्यात बसवलंस," ती म्हणाली.

"सोपं आहे गं तसं," तो घाईघाईने म्हणाला. वाटभर त्याने हेच जुळवलं होतं. "सोमवारी ताईंना सांगतो. तिने फुगा दिला की खायचा आणि मान हलवायची. एवढंच. लगेच खाईल. दोन मिनिटांचं काम."

"आणि मोठ्यांच्या खोलीत? तिथे कोण मान हलवणार? शाळेत? उद्या नोकरीला लागेल तिथे?" तिचा आवाज चढला नव्हता. फोनवरच्या लोकांशी बोलताना ती याच आवाजात बोलत असावी, असं त्याला वाटलं. "तुला कळतंय का तू काय म्हणतोयस? आख्ख्या जगाने आधी चाखायचं आणि मग आपली ढबू खाणार."

"मग काय करू? खाऊ दे तिला वाट्टेल ते? त्या नाशपातीच्या वेळी..."

"काही झालं नव्हतं त्या वेळी."

"झालं असतं!"

"पण झालं नाही ना रे. तिने खोकून टाकलं. तिने टाकलं, मी नाही, तू नाही." मग तिच्या तोंडून ते निघालंच. "मला एक सांग. तू तिला जगवतोयस, असं तुला वाटतं ना? माझ्या हातून ती मरेल असं वाटतं ना तुला?"

तो नाही म्हणाला. पण जरा उशिरा म्हणाला, आणि तेवढा उशीर दोघांनाही ऐकू आला. ढबू फरशीवर बसून पिशवीतलं खोकं बाहेर ओढत होती. रात्रीचं जेवण कुणी धड जेवलं नाही. ढबूला त्याने भरवलं. न चाखता भरवायचं असं ठरवून बसला होता, पण तिने पहिला तुकडा त्याच्या तोंडाशी नेला आणि तो इतका दमलेला होता की त्याने आ केला. बायको उठून आत गेली.

शनिवारी दोघांना सुट्टी होती. सकाळी त्याने स्वतःहून सांगितलं, आज मी तोंड उघडणार नाही. ठामपणे म्हणाला, पण आदल्या रात्रीच्या त्या उशिराची भरपाई करतोय हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. ढबूला उंच खुर्चीत बसवली. समोरच्या तबकात फुगे ठेवले, मक्याच्या दोनतीन कड्या, उकडलेल्या गाजराची काडी, बाजूला वाटीत दुधात भिजवलेले ओट्स. तो समोर बसला, हात मांडीखाली दाबून. ढबू खूश होती. तिने एक फुगा उचलला, नीट निरखला आणि हात लांब करून त्याच्या ओठांना लावला. त्याने ओठ मिटलेले ठेवले. ती फुगा ढकलत राहिली. तो चुरला, त्याच्या हनुवटीवर पीठ सांडलं. "नाही," तो मिटल्या तोंडाने म्हणाला आणि मान हलवली. आडवी.

तिचा हात थांबला. तिने त्याच्याकडे बघितलं, मग हातातल्या उरलेल्या फुग्याकडे. तो तिने तबकाच्या अगदी कडेला नेऊन ठेवला. दुसरा उचलला, त्याच्या ओठांना लावला. त्याने मान आडवी हलवली. तोही कडेला. कडी. गाजर. एकेक वस्तू तिने शांतपणे, मन लावून त्याच्या तोंडाशी नेली, त्याची मान बघितली आणि कडेला ठेवली. रडली नाही, चिडली नाही. तबकाचा मधला भाग रिकामा झाला. तिच्या समोर आता खायला काहीच नव्हतं. सगळं त्याने नापास केलं होतं. तिने रिकाम्या तबकावर दोन्ही हात ठेवले आणि पुढची ताटली यायची वाट बघत असल्यासारखी त्याच्याकडे बघत बसली.

"अगं खा ना!" तो ओरडला. "खा! चांगलं आहे ते! मी तुझ्यासाठीच... अगं खा की गं बाई!" त्याने कडेचा एक फुगा उचलून तिच्या तोंडात कोंबायला घेतला, तिने तोंड फिरवलं, तो गालाला लागला, आणि मग मात्र तिने असं भोकाड पसरलं की शेजारच्या घरातली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्याला तिचा राग आला होता, दीड वर्षाच्या पोरीचा, इतका की त्याला स्वतःचीच भीती वाटली.

बायको ओट्याशी उभी होती. ती आली, तिने ढबूला उचललं नाही, पाणीही दिलं नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू बाहेर जा," ती म्हणाली.

"मी काही बोलत नाही आता. गप्प बसतो."

"गप्प बसून होणार नाही रे. तू दिसतोयस ना, म्हणून ती विचारते. जा. चिडून नाही म्हणत. जा तू."

तो उठला. स्वयंपाकघराच्या दाराचा वरचा अर्धा भाग काचेचा होता. तो बाहेरच्या बोळकांडीत, चपलांमध्ये, जिथून त्याला आत दिसेल पण खुर्चीतून तो दिसणार नाही असा अंग चोरून उभा राहिला. आपल्याच घरात चोरासारखं! आतलं रडणं चालू होतं. बायकोने कडेचे फुगे हाताने परत तबकाच्या मध्ये सारले, काही बोलली नाही, आणि चक्क पाठ वळवून भांडी घासायला लागली. नळ सोडला. त्याला वाटलं, ओरडून सांगावं, निदान तोंड तरी तिच्याकडे कर. रडणं हुंदक्यांवर आलं. मग नुसतं नाक ओढणं. ढबूने दाराकडे बघितलं. आईच्या पाठीकडे बघितलं. एक फुगा उचलला आणि आईच्या पाठीच्या दिशेने हात लांब केला. हात तसाच अधांतरी राहिला. नळ चालू. कुणी वळलं नाही. त्याला तो लांब केलेला हात बघवेना, पण नजरही काढता येईना. तिने हात मागे घेतला, फुगा हातात फिरवला, पुन्हा दाराकडे बघितलं, आणि मग, दुसरं काही सुचत नाही म्हणून एखादं माणूस करेल तसं, स्वतःच्या तोंडात घातला.

आणि खोकली. एकदा, दोनदा, मोठ्यांदा. त्याचा हात दाराच्या मुठीवर होता, मूठ अर्धी फिरली होती. बायकोचे खांदे ताठ झाले. ती वळली नव्हती, तिचे हात पाण्यात थांबले होते. म्हणजे तीही ऐकत होती. तीही घाबरली होती. हे त्याला आजवर कधी दिसलं नव्हतं. "येऊ नकोस," ती दाराकडे न बघता म्हणाली. आवाज फोनवरचा नव्हता. ढबू आणखी एकदा खोकली, डोळ्यांत पाणी आलं, तोंडातलं काही तरी तळव्यावर थुंकली, ते बघितलं आणि पुन्हा तोंडात टाकलं. गिळलं. मग दुसरा फुगा. तो तिने कुणाला दाखवला नाही. मग कडी, मोठ्यांदा कुडुम आवाज करत. त्याने दाराची मूठ सोडली. तिला जमत होतं. त्याला हेच हवं होतं, सोमवार सुटला होता, कुणाची नोकरी जाणार नव्हती, आणि तरी त्याने चपलांवरच बसकण मारली.

किती वेळ गेला कोण जाणे. नळ बंद झाला. "ये आता," बायको म्हणाली. तो आत गेला. ढबूच्या केसांत ओट्स होते, गालाला गाजर. त्याला बघून ती खुदकन हसली. हातात शेवटचा एक फुगा होता. तो तिने उचलून त्याच्या दिशेने केला, आणि तो वाकला, अगदी न ठरवता, आणि त्याने आ केला.

तिने त्याच्या उघड्या तोंडात क्षणभर डोकावून बघितलं. मग हात वळवला आणि फुगा स्वतःच खाल्ला.

बायको हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं की काय, तिने तोंड फिरवलं. ढबू तबक बडवत आणखी मागत होती. तो तसाच वाकलेला होता, आणि त्याचं तोंड अजून उघडंच होतं.